पहिलं क्रोशे ब्लँकेट: चौकोन, लाटा की कोपऱ्यातून कोपरा?

साखळी येते, खांब (सुईवर एक वेढा घेऊन काढलेला उंच टाका) येतो, रुमाल आणि टेबलक्लॉथवर हात बसलेला आहे, आणि आता ब्लँकेट करायचंय. अशा वेळी बहुतेक जणी फोटो बघून वीण ठरवतात. पण कपाटात अर्धी पडून राहिलेली ब्लँकेटं बाहेर काढून पाहा. विणकाम बऱ्याचदा जवळजवळ पूर्ण असतं. राहिलेली असते ती जोडणी, धाग्यांची टोकं आणि कड. म्हणून वीण निवडताना शेवटी काय काय करावं लागणार आहे, ते आधी बघावं.

तुलना सरळ व्हावी म्हणून सगळीकडे एकच माप धरलंय: 90 × 120 सेंमी, म्हणजे मोठ्या माणसाच्या मांडीवर किंवा लहान मुलाच्या अंगावर पुरेल एवढं. सुई 5 मिमी, लोकर अॅक्रिलिक, 100 ग्रॅममध्ये साधारण 200 मीटर धागा असलेली. लेबलवरच्या '4 प्लाय'वर जाऊ नका. तो पिळलेल्या पदरांचा आकडा आहे, जाडी त्यातून कळत नाही. वजन आणि मीटर बघा. 100 ग्रॅमला 280–300 मीटर असतील तर धागा बारीक आहे, सुई 4 मिमी घ्यावी लागेल आणि खालचे सगळे आकडे वाढतील.

चौकोन

ग्रॅनी स्क्वेअर सगळ्यांना माहीत असतो. 4 साखळ्यांची गोल कडी, तिच्यात 3 खांबांचे चार गट, दोन गटांमध्ये 2 साखळ्या, हे झाले चार कोपरे. पुढच्या प्रत्येक फेरीत कोपऱ्यात 3 खांब, 2 साखळ्या, 3 खांब. बाजूच्या प्रत्येक भोकात 3 खांब. पाच फेऱ्यांत साधारण 15 सेंमीचा चौकोन होतो. आडवे 6, उभे 8, एकूण 48 चौकोन.

आता हिशोब मांडू. एका चौकोनात 12, 24, 36, 48 आणि 60 मिळून 180 खांब. अठ्ठेचाळीस चौकोनांचे 8,640. हे काम जड नाही. लोकलमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, पर्समधून एक चौकोन काढला आणि विणला. खरी गंमत पुढे आहे. दर फेरीला रंग बदलला तर एका चौकोनाला 10 टोकं, म्हणजे सगळी मिळून 480. एक टोक नीट लपवायला एक मिनिट धरलं तरी आठ तास नुसते सुई-दोऱ्याचे. आणि जोडणी? 48 चौकोनांमध्ये 82 शिवणी येतात, 15 सेंमीची एक, म्हणजे बारा मीटरहून जास्त. ज्यांना हे बसून करायला आवडतं त्यांच्यासाठी चौकोनासारखं दुसरं काही नाही. नावडतं असेल तर चाळीस सुटे चौकोन पिशवीत घालून माळ्यावर जातात.

टोकं कमी करायचा उपाय सोपा आहे: आतल्या चार फेऱ्या एकाच रंगात, फक्त पाचवी वेगळी. 480 ची 192 झाली. जोडणी शेवटच्या फेरीतच उरकता येते. कोपऱ्यात 2 साखळ्यांऐवजी 1 साखळी, शेजारच्या चौकोनाच्या कोपऱ्यात एक स्लिप टाका (धागा सरळ ओढून घेतलेला, उंची नसलेला टाका), पुन्हा 1 साखळी. बाजूला खांबांचा एक गट झाला की शेजारच्या समोरच्या भोकात स्लिप टाका, मग पुढचा गट. वेगळी शिवण उरतच नाही. त्यासाठी चौकोन आधी चार फेऱ्यांपर्यंत सगळे करून ठेवायचे आणि पाचवी फेरी एका बैठकीत नाही तरी एका आठवड्यात करायची. कारण हाताची ओढ रोज सारखी नसते. निवांत दुपारी विणलेला चौकोन आणि घाईत विणलेला चौकोन यांत अर्धा सेंटीमीटरचा फरक सहज पडतो. सहा चौकोनांच्या ओळीत तोच तीन सेंटीमीटर होतो, आणि ब्लँकेट एका बाजूला फुगतं.

आणखी एक तक्रार नेहमीची: चौकोन पिळल्यासारखा, वाऱ्यावरच्या भिंगरीसारखा कलतो. दर फेरी एकाच बाजूने विणली की खांब थोडे थोडे एकाच दिशेला सरकतात. प्रत्येक फेरी संपली की काम उलटवा आणि मागच्या बाजूने पुढची फेरी सुरू करा, चौकोन सरळ राहतो.

अनेक हातांचं काम असेल तर मात्र चौकोनाला पर्याय नाही. चेन्नईत जानेवारी 2016 मध्ये 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटाने 11,148.5 चौरस मीटरचं ब्लँकेट करून गिनेस विक्रम केला, तो ठिकठिकाणच्या बायकांनी घरी विणलेले मोठे चौकोन एकत्र जोडूनच. भिशीच्या गटाने मिळून कुणाच्या नातवंडासाठी काही करायचं ठरवलं, तर सुई, लोकर आणि फेऱ्या सगळ्यांच्या सारख्या ठेवा. मुख्य म्हणजे जोडणी एकीकडेच द्या.

एकच मोठा चौकोन

ही वीण लोक विसरतात, आणि पहिल्या ब्लँकेटसाठी आमची पसंती हिलाच. वरचाच ग्रॅनी, पण न थांबता वाढवत न्यायचा. प्रत्येक फेरीला रुंदीत साधारण 3 सेंमी वाढतात, म्हणजे 90 सेंमीला 30 फेऱ्या. दर फेरीला रंग बदलला तरी टोकं 60. जोडणी शून्य.

चौरसाऐवजी आयत हवा असेल तर मधल्या कडीच्या जागी सरळ साखळी घाला. साखळीची लांबी म्हणजे लांबी वजा रुंदी: 120 वजा 90, म्हणजे 30 सेंमी. साखळीच्या दोन्ही बाजूंनी खांबांचे गट आणि प्रत्येक टोकावर दोन कोपरे करत फिरलं की पुढे सगळं आपोआप आयताकृती वाढतं. हवी ती लांबी-रुंदी बसवायची ही युक्ती कागद-पेन्सिल न घेता जमते.

काय बिघडतं? दहा-बारा फेऱ्यांनंतर कड झालरीसारखी लाटायला लागली तर बाजूच्या गटांमध्ये 1 साखळी घालत असाल तर ती काढून टाका, फक्त कोपऱ्यातल्या 2 ठेवा. उलट मध्यभाग वाटीसारखा खोल व्हायला लागला तर ओढ घट्ट आहे, अर्धा मिलिमीटर मोठी सुई घ्या. हे पाचव्या फेरीला दिसत नाही, दहाव्याला दिसतं. म्हणून दहाव्या फेरीनंतर काम जमिनीवर सपाट पसरून बघायचंच. शेवटच्या फेऱ्या मात्र लांबलचक असतात, चार मीटरहून जास्त, आणि तोवर ते मांडीवर मावत नाही. मे महिन्यात विणणार असाल तर त्याचा विचार करा.

लाटा

लाटांच्या विणीची, म्हणजे रिपलची शान फोटोत दिसते तशीच प्रत्यक्षातही असते. घडी, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा नमुना, 14 टाक्यांची: 4 खांब, दोन-दोन टाके एकत्र घेऊन 2 खांब, 4 खांब, मग दोन टाक्यांत प्रत्येकी 2 खांब. खाली जितके कमी झाले तितके वर वाढले, म्हणून रुंदी कायम राहते. ओळीची सुरुवात आणि शेवट एका टाक्यात 2 खांबांनी. सुरुवातीच्या साखळ्या 14 च्या पटीत अधिक 3, आणि पहिला खांब सुईपासून चौथ्या साखळीत. दहा लाटांना 143 साखळ्या. रुंदी साधारण 85 ते 95 सेंमी भरते, तुमच्या ओढीप्रमाणे.

इथे 140 खांबांच्या सुमारे 90 ओळी, म्हणजे 12,600 खांब. चौकोनांपेक्षा दीडपट विणकाम, पण दोन ओळींना एक रंग धरला तर टोकं 90 आणि सगळी कडेलाच, वरून कडपट्टी विणली की झाकली जातात.

अडचण एकच आहे आणि ती त्रासदायक आहे: मोजणी. एक टाका सुटला की पुढच्या ओळीत लाटेचं शिखर सरकतं. लक्षात येतं चार ओळींनंतर, आणि मग 560 खांब उसवा. दर लाटेच्या शिखराला एक सेफ्टी पिन अडकवून ठेवा, ओळीमागे ती वर सरकवा. दोन शिखरांमध्ये चूक असेल तर तिथल्या तिथे सापडते. सुरुवातीची साखळी 5.5 किंवा 6 मिमी सुईने घाला. नाही तर खालची कड आखडते आणि ब्लँकेट वर पंख्यासारखं पसरतं. टीव्ही बघत विणायची ही वीण नाही. निदान पहिल्या दहा ओळी तरी.

कोपऱ्यातून कोपरा

सी-टू-सी (कॉर्नर टू कॉर्नर) नावाने ओळखली जाते ती हीच. खालच्या कोपऱ्यातून एक छोटी वीट सुरू होते: 6 साखळ्या, मग सुईपासून चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या साखळीत एकेक खांब. पुढच्या ओळीत पुन्हा 6 साखळ्या, 3 खांब. ती वीट उलटवून आधीच्या विटेच्या 3 साखळ्यांच्या भोकात स्लिप टाका, तिथेच 3 साखळ्या आणि 3 खांब. ओळ तिरकी, दर ओळीला एक वीट वाढते. कमी करायची वेळ आली की 6 साखळ्या न घालता काम उलटवून आधीच्या खांबांवरून स्लिप टाके घेत साखळीच्या भोकापर्यंत जायचं.

एक वीट साधारण 2.4 सेंमीची. 90 × 120 ला 38 × 50, एकूण 1,900 विटा, 5,700 खांब आणि वर साखळ्या. हात बसला की ही सगळ्यात वेगाने वाढते, आणि सुरुवातीला एकही साखळी मोजावी लागत नाही. चौरस करणार असाल तर लोकरीचं वजनच माप ठरतं: अर्धी लोकर संपली की कमी करायला लागा.

आयतात मात्र घोटाळा होतो. एका बाजूला 38 विटा झाल्या की त्या बाजूने कमी करायचं, दुसऱ्या बाजूने 50 होईपर्यंत वाढवत राहायचं. कोणती बाजू कमी करायची ते विसरलं की तिरपा समांतरभुज चौकोन हातात येतो. कमी करायच्या कोपऱ्याला रंगीत धागा बांधून ठेवा.

तिरकी वीण ताणली जाते. कडेला 4.5 मिमी सुईने मुक्या खांबाच्या (खांबापेक्षा आखूड, दाट टाका) दोन ओळी घातल्याशिवाय ती सरळ बसत नाही. सुती धाग्यात हा ताण आणखी वाढतो: सूत जड, धुतल्यावर पाण्याने आणखी जड, आणि वाळत टाकलं की ब्लँकेट एका कर्णाने लोंबतं. मुंबई-कोकणात लोकरीपेक्षा सूत बरं वाटतं हे खरं, पण मग लाटा किंवा मोठा चौकोन घ्या. आणि चित्रं? एक वीट म्हणजे आलेखाची एक चौकट, त्यामुळे हत्ती, नाव, हृदय काहीही येतं. पण प्रत्येक रंगाच्या तुकड्याला लोकरीचा स्वतंत्र गुंडा आणि दोन टोकं. पहिल्याच ब्लँकेटवर हत्ती नको.

ट्युनिशियन क्रोशे हा पाचवा पर्याय विचारला जातोच. लांब सुई, ओळीत सगळे टाके सुईवर घ्यायचे आणि परत येताना सोडायचे, काम कधी उलटवायचं नाही. कापड दाट, उबदार, आणि हट्टाने गुंडाळणारं. ते टाळायला नेहमीपेक्षा दीड-दोन मिलिमीटर मोठी सुई लागते. आधी एक स्कार्फ करा, मग बघू.

लोकर किती आणि कशी

दुकानात अंदाजाने लोकर घेऊ नका. ठरवलेल्या विणीत 15 × 15 सेंमीचा तुकडा विणा आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. 90 × 120 म्हणजे असे बरोबर 48 तुकडे. ग्रॅनीचा तुकडा 8 ग्रॅम भरला तर 384 ग्रॅम, त्यावर दहा टक्के कड आणि टोकांचे: 425 ग्रॅम धरा. ट्युनिशियनचा तोच तुकडा 12 ग्रॅम भरला तर 576 आणि वरचे. सगळी लोकर एकदमच घ्या आणि लेबलवरचा लॉट नंबर जुळतोय का बघा. तोच रंग दुसऱ्या लॉटमध्ये किंचित पिवळट निघाला तर फरक दिवसा उजेडातच दिसतो, तोवर अर्धं विणून झालेलं असतं.

पॅटर्न इंग्रजी असेल तर आधी एक गोष्ट तपासा. आपला खांब म्हणजे अमेरिकी डबल, पण ब्रिटिश ट्रेबल. पॅटर्नमध्ये कुठेही 'सिंगल क्रोशे' आलं तर तो अमेरिकी; ब्रिटिश पद्धतीत हा शब्दच नाही. उलटं वाचलं तर सगळं ब्लँकेट मुक्या खांबात विणलं जाईल आणि गालिच्यासारखं ताठ होईल.

टोक 15 सेंमी ठेवा, बोथट सुईने तीन वेळा दिशा बदलून ओवा, गाठ मारू नका. अॅक्रिलिक गुळगुळीत असतं, गाठ सुटते आणि भोक पडतं. आणि अॅक्रिलिकला गरम इस्त्री कधीच नको. एकदा ते वितळायला लागलं की लवचीकपणा जातो, लोळागोळा होतो, तो परत येत नाही.

बाळाच्या दुपट्यासाठी करत असाल तर चौकोन आणि सी-टू-सी दोन्हींची भोकं मोठी आहेत, इवली बोटं अडकतात. लाटा घ्या, त्याही 4.5 मिमी सुईने. शिवाय एका वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपण्याच्या जागी सैल पांघरूण ठेवू नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, त्यामुळे ते मांडीवर आणि बाबागाडीत वापरायचं. बारसं तीन आठवड्यांवर आलं असेल तर लाटांच्या नादाला लागू नका. 75 सेंमीचा एकच मोठा चौकोन, 25 फेऱ्या, 3.5 मिमी सुईने पण थोड्या बारीक धाग्यात केला तर भोकं लहान होतात. धागा बारीक म्हणून फेऱ्या वाढतील, त्या तुकडा विणून मोजून घ्या.