रोडियम सिलिकावर बसवावं की पॉलिमरवर?

हायड्रोफॉर्मिलेशन म्हणजे अल्कीनला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन जोडून अल्डिहाइड बनवणं. त्यात रोडियम हा धातू उत्प्रेरक असतो, फॉस्फिन (फॉस्फरसचं संयुग) त्याला धरून ठेवतं, आणि तो उत्पादनाबरोबर वाहून जाऊ नये म्हणून घन आधारावर बसवतात. प्रोपीनसाठी मात्र अशा आधाराची फारशी गरजच पडत नाही. पाण्यात विरघळणाऱ्या फॉस्फिनची पद्धत जर्मनीत ओबरहाउझेनला 1984 पासून चालू आहे. पण 1-ऑक्टीन हे आठ कार्बनचं अल्कीन पाण्यात जवळपास विरघळत नाही आणि तिथे ही पद्धत मंदावते. (पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) चौधरींच्या गटाने ऑक्टीनच्या थरात साधं ट्रायफिनाइलफॉस्फिन टाकून हाच वेग 10 ते 50 पट वाढवून दाखवला होता, 1995 मध्ये. मला ते काम फार आवडतं.) लांब साखळीच्या अल्कीनसाठी आधारच हवा असेल, तर मी दोन्ही वापरून पाहिले आहेत: फॉस्फिन बांधलेली सिलिका आणि फॉस्फिनचंच विणलेलं सच्छिद्र पॉलिमर.

सोय बघाल तर सिलिका सरस. सायलेन (सिलिकेला चिकटणारा सिलिकॉनचा गट) जोडलेला लिगँड, म्हणजे धातूला धरणारा रेणू, विकत मिळतो; टोल्युइनमध्ये सिलिकेबरोबर उकळत ठेवा (रिफ्लक्स), धुवा, रोडियम चढवा. दाणे टणक असतात, फिक्स्ड बेडमध्ये (उत्प्रेरकाचा स्थिर थर, ज्यातून द्रव सतत वाहतो) बिनधास्त भरता येतात. पॉलिमरसाठी मात्र व्हिनाइल गट असलेलं फॉस्फिन आधी बनवावं लागतं, म्हणजे ग्रिन्यार अभिक्रिया आली आणि ओल-हवेची काळजी आली. शेवटी हातात येते ती हलकी पांढरी भुकटी, जी फनेलला, हातमोज्याला, सगळीकडे चिकटते.

तरी माझा कौल फिरला तो पिवळ्या रंगामुळे. सिलिकेची पहिली बॅच छान जायची. पुढच्या बॅचांत गाळलेल्या अल्डिहाइडला फिकट पिवळी झाक यायची आणि वेग उतरायचा. रोडियम बाहेर पडत होतं. 2021 मध्ये या धातूचा भाव औंसाला 20,000 डॉलरच्या वर गेला होता, त्यामुळे ती झाक नुसती दिसायला वाईट नव्हती. कार्बन मोनॉक्साइडच्या दाबाखाली रोडियम फॉस्फिन सोडतं आणि पुन्हा धरतं. सिलिकेवर फॉस्फिन विरळ असतात, काही ऑक्सिडाइझ होऊन निकामी झालेले असतात. सुटलेल्या रोडियमला शेजारी धरायला कोणी नसेल तर ते द्रवाबरोबर निघून जातं. पॉलिमरची भिंतच फॉस्फिनची. एकाने सोडलं तरी दुसरा जवळच असतो. माझ्याकडे तरी पॉलिमरचा फिल्ट्रेट (गाळून आलेला द्रव) बॅचमागून बॅच पाण्यासारखा राहिला. चीनमध्ये डालियनच्या संस्थेने असं पॉलिमर इथिलीनसाठी कारखान्यापर्यंत नेलं आहे, तेव्हा हे केवळ प्रयोगशाळेपुरतं नाही.

सगळ्या सिलिकेला एकाच मापाने मोजू नये, हेही खरं. अॅमस्टरडॅमच्या गटाने झान्टफॉससारखा दोन फॉस्फरसांचा लिगँड सिलिकेत बांधून रोडियम चांगलं टिकवलं होतं, शिवाय सरळ साखळीचं अल्डिहाइडही भरपूर मिळवलं. साध्या ट्रायफिनाइलफॉस्फिनच्या पॉलिमरकडून तेवढ्या निवडकतेची अपेक्षा धरू नका. सतत चालणाऱ्या बेडसाठी मी आजही सिलिकेचा विचार करेन. पण ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या बंद भांड्यात) ऑक्टीनच्या बॅच काढायच्या असतील, तर पॉलिमर बनवण्याचा त्रास एकदाच होतो, म्हणून मी तोच घेईन.

काहीही निवडलंत तरी गाळणी गरम असताना, सिनगॅसच्या (कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन) दाबाखालीच करा आणि तो फिल्ट्रेट तसाच पुढे चालवून बघा; अभिक्रिया चालू राहिली तर रोडियम सुटलं आहे. थंड करून दाब सोडला की सुटलेलं रोडियम आधारावर परत बसू शकतं आणि फिल्ट्रेट स्वच्छ असल्याचा भास होतो.