काळी काठियावाडी घोडी आणि माझे पावणेदोन लाख

सारंगखेड्याला मी लहानपणापासून जातो. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताचं दर्शन, मग तापीकाठी घोडेबाजारात उन्हं उतरेपर्यंत भटकायचं. त्यामुळे घोड्यातलं आपल्याला कळतं, असा माझा समज होता. तो पावणेदोन लाखांना पडला.

चूक पहिल्याच वाक्यात झाली. दलालाने "काय पाहिजे भाऊ?" विचारलं आणि मी सांगून मोकळा झालो: काठियावाडी घोडी, काळीभोर, पाच-सहा वर्षांची. तो म्हणाला, "आज गर्दी आहे, उद्या पहाटे या." पहाटे अगदी तशीच घोडी उभी! कान आत वळून टोकाला टोक भिडलेलं, अंग काळंशार. कान बघून मी विरघळलो. आता कळतं, असे कान मारवाडीलाही असतात आणि संकरातून आलेल्या शिंगरातही उतरतात. कानांवरून जात शुद्ध ठरत नाही. आणि काठियावाडीत कुमैत (तांबूस-तपकिरी), अबलख (पांढऱ्या पट्ट्यांचा दुरंगी) असे बाकी सगळे रंग मिळतात, पण निखळ काळा मानत नाहीत. काळी हवी तर मारवाडीत शोधायची. म्हणजे मी जी मागत होतो ती घोडी मुळात नव्हतीच. त्याने ती रातोरात तयार केली.

(बाजारात सगळं एकतर मारवाडी, नाहीतर काठियावाडी. मराठ्यांच्या फौजेत धावलेल्या आपल्या भीमथडीचं नाव कुणी घेत नाही. नावाला भाव असतो ना!)

दात दाखवले त्याने, पण बॅटरीच्या उजेडात आणि क्षणभरच. खालच्या दातांवरचे काळे खळगे दिसले, मी मान डोलावली. कागदही दिला, घोडीच्या पासपोर्टची, म्हणजे तिच्या ओळखपत्राची झेरॉक्स. पावती फाडायला निघालो तर म्हणाला, "कशाला खर्च? घरचाच व्यवहार." पैसे रोख मोजले.

घरी आणल्यावर आबांनी एकच विचारलं, "दात दख्यात का?" हो म्हणालो. तिसऱ्या दिवशी खरारा करताना हात काळे झाले. ओल्या फडक्याने डोळ्यांच्या वर पुसलं तर खाली पांढरे केस आणि खोल खळ्या. कुमैत घोडी होती, म्हातारपणाने चेहरा पिकलेला.

मग डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी ओठ उचलून उन्हात दाखवलं ते नीट लक्षात ठेवा. खालच्या पुढच्या दातांवरचे खळगे मधल्या जोडीपासून सुरुवात करून साधारण सहा ते आठ वर्षांत झिजून जातात. हिच्या दातांत ते कोरून, डाग देऊन पुन्हा केले होते. खऱ्या खळग्याभोवती दंतवल्काचं कडं असतं, कोरलेल्याला नसतं. वरचा कोपऱ्यातला दात मात्र दलाल विसरला होता. तिथे दहाव्या वर्षाच्या आसपास हिरडीपाशी एक उभी खाच दिसू लागते आणि पंधराव्या वर्षापर्यंत दाताच्या निम्म्यावर येते. हिची निम्म्यावर आली होती.

झेरॉक्सवरचा चिप क्रमांक घोडीच्या मानेत कातडीखाली बसवलेल्या चिपवर स्कॅनर फिरवून जुळवायचा असतो. फिरवला. स्कॅनर गप्प. कागदावरच्या चित्रात पुढच्या पायाला पांढरा पट्टा होता, हिच्या पायाला नव्हता. हे तर मला डॉक्टरांशिवायही बाजारातच बघता आलं असतं.

दलालाचा फोन बंद. पोलिसांकडे गेलो, त्यांनी पावती मागितली.

तुम्ही जाल तेव्हा काय हवंय ते आधी सांगू नका, त्यालाच बोलू द्या. उन्हं चढल्यावरच दात बघा, खिशात ओला पांढरा रुमाल ठेवा, आणि डॉक्टर सोबत न्या. त्यांची फी द्यायला जड जाते, पण माझा हिशोब वर दिलाच आहे.

घोडी अजून आमच्याच गोठ्यात आहे. विकायची तर खरं वय सांगावं लागेल, आणि ते ऐकून कुणी घेत नाही. आबा तिला रोज कडबा घालतात आणि माझ्याकडे बघून काहीच बोलत नाहीत.