मीटरवर ४२ हजार, रेकॉर्डला लाखाच्या वर

नागपुरात जुनी गाडी बघत असाल तर टोकन देण्याआधी हे वाचा.

बाबांना डायलिसिससाठी काटोलहून आठवड्यातून तीनदा नागपूरला आणावं लागायचं, म्हणून २०२३ मध्ये कामठी रोडवरच्या एका डीलरकडून २०१७ ची डिझेल गाडी घेतली. मीटरवर ४२,३००. "भाऊ, डॉक्टरसाहेबांची गाडी आहे, घर ते दवाखाना एवढीच चालली." किंमत ५ लाख १० हजार. शेजारीच त्याच मॉडेलची, त्याच सालची, लाखावर चाललेली गाडी ३ लाख ९० हजाराला उभी होती. म्हणजे १ लाख २० हजार मी फक्त त्या आकड्याचे मोजले.

दोन महिन्यांत क्लच गेला, तोही बाबा गाडीत असताना.

गॅरेजवाल्या काकांनी आधी ड्रायव्हरची बाजू बघितली. ब्रेक पेडलचं रबर कोरं, पण ॲक्सिलरेटरच्या कडा झिजून गुळगुळीत. स्टिअरिंगचं कव्हर उसवलं तर खाली आरशासारखं चकाकलेलं. बॉनेटखाली तेलकट स्टिकर होतं, त्यावर पेनने लिहिलेलं: पुढची सर्व्हिस १,१८,०००. आरसी घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो, तर २०२१ मध्येच गाडी १,०८,००० चालल्याची नोंद निघाली. डिजिटल मीटरला मशीन लावून आकडा मागे घेता येतो, हे मला तिथे कळलं.

खरं तर साधा हिशेब होता. सहा वर्षांत ४२ हजार म्हणजे दिवसाला जेमतेम वीस किलोमीटर. एवढ्यासाठी कोणी जास्त पैसे मोजून डिझेल का घेईल? डिझेल गाडीचं रनिंग कमी दिसलं की हा प्रश्न विचाराच. विकणाऱ्याला सोबत घेऊन सर्व्हिस रेकॉर्ड काढा. टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे त्याच्यावर असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. ४२ हजार किलोमीटर चाललेल्या गाडीला चारही टायर नवे दिसले तर जुने कुठे गेले ते विचारा. माझ्या मते पूर्ण रेकॉर्ड असलेली, लाख किलोमीटर चाललेली गाडी बिनरेकॉर्डच्या ४२ हजारवाल्या गाडीपेक्षा कधीही बरी.

डीलरकडे परत गेलो, तर तो म्हणाला, "कागदावर किलोमीटर लिहून दिलंय का?" पावतीवर फक्त 'जशी आहे तशी' होतं. म्हणून सांगतो, विक्रीच्या कागदावर आकडा लिहून सही घ्या. टाळाटाळ केली तर तिथूनच उठा. माझ्याकडे त्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेला '४२ हजार रनिंग' असा मेसेज होता. तो जोडून ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे.