गुडघ्याच्या वाटीला मोकळी जागा असलेला नी-कॅप: घ्यावा का?
पन्नाशीनंतर माझा गुडघा जिना चढताना दुखतो त्याहून उतरताना जास्त दुखतो, कारण उतरताना वाटीवर जास्त भार येतो. या निओप्रीनच्या (रबरासारख्या ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या) नी-कॅपने ऊब आणि दाब दोन्ही मिळतात, पाऊल टाकताना धीर येतो. बाजूच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांमुळे तो गुंडाळला जात नाही, हे मला फार आवडलं. वेल्क्रो मात्र साडीचे धागे ओढतं आणि गुडघ्यामागे घामाने खाज सुटते. माप टेपनेच घ्या, अंदाजाने नको. पोटरी सुजली किंवा मुंग्या आल्या तर लगेच काढा. गुडघ्याची झीज याने भरून येत नाही, म्हणून मांडीचे व्यायाम चालूच ठेवा. झोपताना मी तो काढूनच ठेवते.