घरी बनवलेली बंदूक आणि तिचा नंबर : केंद्राचा नियम की कॅलिफोर्नियाचा कायदा?

अमेरिकेत सुट्या भागांचं किट मागवून घरीच बंदूक जोडता येते. तिच्यावर सिरियल नंबर नसेल, तर गुन्ह्यानंतर पोलिसांना तिचा माग लागत नाही. म्हणूनच तिला ‘घोस्ट गन’ म्हणतात.

ऑगस्ट २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमाने सहज जोडता येणाऱ्या किटलाच बंदूक मानलं. विक्रेत्याला परवाना हवा, किटवर नंबर हवा आणि गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासायला हवी. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी नियम उचलून धरला. असं किट कधीही न हाताळलेल्या माणसाने साध्या अवजारांनी २१ मिनिटांत बंदूक तयार केली होती, हे निकालपत्रातच नोंदलं आहे. एवढं वाचल्यावर ‘हे तर नुसते सुटे भाग’ हा युक्तिवाद मला तरी पटत नाही.

पण हा नियम विक्रीपुरता आहे. स्वतःसाठी बंदूक बनवणाऱ्यावर नंबर कोरण्याची सक्ती नाही. ती परवानाधारक विक्रेत्याच्या ताब्यात गेली, की मात्र त्याला नंबर घालावाच लागतो.

कॅलिफोर्निया थेट बनवणाऱ्यालाच धरतं. १ जुलै २०१८ पासून तिथे बंदूक बनवण्याआधीच राज्याच्या न्याय विभागाकडे नंबरासाठी अर्ज करावा लागतो. अर्थात हा कायदा राज्याच्या सीमेपर्यंतच चालतो.

देशभर पोहोचतो म्हणून केंद्राचा नियम हवाच. तरी माझं मत कॅलिफोर्नियाच्या बाजूने, कारण तिथे जुन्या, आधीच घरात असलेल्या बंदुकांनाही नंबर घ्यावा लागला.