टालिलिन रेल्वे आणि अबरगनोल्विन : शकुंतलेच्या एका जुन्या प्रवाशाचा अभिप्राय

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील टविन गावातून निघून डोंगरातल्या अबरगनोल्विन या खेड्यापर्यंत, आणि तेथून थोडे पुढे नांट ग्वेर्नोलपर्यंत जाणारी टालिलिन रेल्वे जेमतेम पावणेबारा किलोमीटरची आहे. इंग्लंडमध्ये नोकरीला असलेल्या मुलामुलींकडे जाणाऱ्या आपल्या वऱ्हाडातील आईवडिलांनी एक दिवस या गाडीसाठी अवश्य राखून ठेवावा. आणि ज्यांनी दारव्हा, कारंजा किंवा मूर्तिजापूरच्या फलाटावर शकुंतला या आपल्या अरुंद मापाच्या जुन्या गाडीची वाट पाहिली आहे, त्यांनी तर ती चुकवूच नये.

या रुळांचा आणि वऱ्हाडाचा धागा कापसाचा आहे. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. त्या टंचाईत वऱ्हाडी कापसाला कसा भाव चढला, हे आपल्याला ठाऊक आहे. त्याच टंचाईमुळे मॅक्‌कॉनेल या मँचेस्टरच्या गिरणीमालकाने आपला पैसा दगडाच्या धंद्याकडे वळवला, अबरगनोल्विनच्या वरची ब्रिन एग्लुइस खाण हाती घेतली आणि छपरांसाठी लागणारा पाटीचा दगड खाली आणण्यासाठी 1865 मध्ये ही रेल्वे सुरू केली. रुळांमधील अंतर सव्वादोन फूट, म्हणजे शकुंतलेपेक्षाही तीन इंचांनी कमी.

डब्यात चढताना एक गोष्ट लगेच लक्षात येते. दारे एकाच बाजूला उघडतात. रेल्वे बांधून झाल्यावर पुलांखाली डब्याच्या दोन्ही बाजूंना पुरेशी मोकळी जागा उरत नाही, असे सरकारी तपासणीत आढळले. तेव्हा एका बाजूची दारे कायमची बंद करण्यात आली आणि दुसऱ्या बाजूला जागा मिळावी म्हणून पुलांखालचे रूळ थोडे सरकवण्यात आले. ती व्यवस्था आजही तशीच आहे. जाताना डाव्या बाजूची खिडकी धरावी, कारण खोऱ्याचा सगळा उतार त्याच बाजूला दिसतो. डोलगॉखला विटांच्या उंच पुलावरून गाडी ओढा ओलांडते. तेथे इंजिन पाणी भरते, आणि कोळशाचा धूर व तापलेल्या तेलाचा वास आला की आमच्या पिढीला 1994 पूर्वीची, वाफेवर धावणारी शकुंतला आठवल्यावाचून राहत नाही.

या सेवेचे खरे मोल मात्र तिच्या माणसांत आहे. डिसेंबर 1946 मध्ये खाण ढासळून बंद पडली, तरी मालक सर हेन्री हेडन जोन्स यांनी 1950 मध्ये मृत्यू येईपर्यंत गाडी चालू ठेवली. त्यानंतर बर्मिंगहॅममध्ये सभा घेऊन काही रेल्वेप्रेमींनी संस्था काढली आणि 1951 पासून स्वयंसेवकांनी ती चालवायला घेतली. जगात अशा रीतीने वाचलेली ही पहिलीच रेल्वे. आजही गार्डच्या गणवेशात किंवा इंजिनात कोळसा टाकताना दिसणारी बहुतेक माणसे पगारासाठी आलेली नसतात. आपली शकुंतला बंद पडली तेव्हा ब्रॉडगेजची मागणी झाली, ती योग्यच आहे. पण तिचा एखादा लहानसा टप्पा मूळ मापावर जिवंत ठेवावा, यासाठी दारव्हा-कारंजाकडच्या आपण साऱ्यांनी मिळून जोर लावायला हवा, असे मला मनापासून वाटते.

अबरगनोल्विन हे खाणकामगारांसाठी वसवलेले गाव. दगडी घरांच्या रांगा, वर पाटीची छपरे. रेल्वे डोंगराच्या अंगाने वरून जाते, म्हणून पूर्वी गावासाठीचा कोळसा उतरत्या रुळांवरून दोराने खाली सोडला जाई. खाण, गाव आणि रेल्वे या तिन्हींचा समावेश 2021 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात झाला. जवळच कास्तेल अ बेरे हा वेल्श राजा लिवेलिनचा पडका किल्ला आहे, आणि क्रेग अर अदेरिन या कड्यावर समुद्रापासून आत असूनही पाणकावळे घरटी करतात. मोटार सोबत असेल तर दोन्ही पाहून घ्यावेत.

स्थानक गावापासून थोडे दूर आहे, हे वयस्करांनी ध्यानात ठेवावे. हिवाळ्यात गाड्या फार थोड्या असतात, म्हणून वेळापत्रक पाहूनच बेत ठरवावा. जुन्या खाणीकडे चढायचे असेल तर सकाळचीच गाडी धरावी. नांट ग्वेर्नोलला मोटारीचा रस्ता नाही, त्यामुळे परतीची शेवटची गाडी चुकली तर पायीच खाली उतरावे लागते.