घरून लिहून आणायचं की आधी सांगायचं?

गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाकडच्या आमच्या गावात समाजमंदिरात नाट्यलेखनाचं वर्कशॉप झालं, तिथे दोन्ही पद्धती करून पाहिल्या. एक म्हणजे घरी वहीत सीन लिहून आणायचा, दुसरी म्हणजे गोलात बसून आपला प्रसंग सांगायचा, दोघंतिघं तो लगेच उभा करतात आणि मग लिहायचं.

वहीत एकांत मिळतो, हे खरं. पण माझ्या वहीतले बाबा एकदम पुस्तकी बोलत होते, ‘बैल विकल्याचं मला दुःख होत आहे’, असं कोणता बाप बोलतो सांगा! तोच प्रसंग सांगितला तर बाबा झालेल्या काकांनी रिकाम्या खुट्याचं दावं सोडून हातात गुंडाळलं आणि एवढंच म्हणाले, "आता तनस कोनाले टाकू?" तनस म्हणजे धानाचा पेंढा. सगळे गप्प. माझा सीन तिथेच सापडला. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यात, नाटक रात्रभर चालतं, मंडपातला माणूस कानानेच नाटक धरतो, म्हणून मला तरी सांगून लिहिणंच जास्त पटलं.

फक्त घरची गोष्ट चारचौघात जाते, तर नाव-गाव बदला, आणि दुखणं अगदी ताजं असेल तर आधी वहीच बरी.